ओलिनिक, मुक्काम पोस्ट रोहा

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काही खोडायचं झालं तर त्याची एक रीत आहे. पट्टी लावून लाल शाईने एकच आडवी रेघ मारायची. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. दुरुस्त शब्द वर लिहायचा आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची. गिचमिड करायची नाही, आणि पांढरी शाई तर बापजन्मात लावायची नाही. मी पेण सोडून रोह्याच्या शाळेत क्लार्क म्हणून रुजू झालो, त्या दिवशी माझ्या आधीच्या क्लार्कने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही, आणि दुसरी, चहा कुठल्या टपरीवर बरा मिळतो ती. दोन्ही निवृत्तीपर्यंत उपयोगी पडल्या.

लोकांना वाटतं, शाळेचा क्लार्क म्हणजे फी घेणारा आणि खेकसणारा माणूस. खेकसण्याचं मी नाकारत नाही. पण आमचं खरं काम म्हणजे ते रजिस्टर. मूल पहिल्यांदा शाळेत येतं तेव्हा त्याचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख असं सगळं एका ओळीत चढतं. मग तो माणूस म्हातारा होईपर्यंत ती ओळ त्याच्या मागे फिरते. नोकरीला, पासपोर्टला, पेन्शनला, कोर्टात, जिथे जाल तिथे शाळेचा दाखला मागतात. त्यामुळे एरवी कोणापुढे मान न वाकवणारी माणसं माझ्या टेबलापुढे चपला बाहेर काढून उभी राहायची आणि मला 'भाऊसाहेब' म्हणायची. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

जन्मतारखांचं तर विचारूच नका. जुन्या रजिस्टरांत निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. आईला विचारलं की ती सांगणार, "लावणी चालू व्हती." त्यावरून तारीख कशी काढायची? गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

माझा जीव मात्र आडनावांत रमायचा. आपल्याला वाटतं की कोकणातलं आडनाव म्हणजे सरळ हिशेब, गावाचं नाव घ्या आणि पुढे 'कर' लावा. तसं नसतं. खाडीकडच्या एका गावातले दोन सख्खे भाऊ एकदा माझ्याकडे आले, दोघेही मिठागरावर राबणारे. थोरल्याच्या दाखल्यावर आडनाव म्हात्रे, धाकट्याच्या दाखल्यावर पाटील. जमिनीच्या कामात कोणी साहेबाने विचारलं होतं, तुम्ही भाऊ कशावरून? थोरला माझ्यासमोर घाम पुसत म्हणाला, "आमी येकाच आयशीची पोरां. आता सांगाया तिला कुठनं आणू?" मी तीन दिवस जुनी रजिस्टरं उलटीपालटी केली. थोरला शाळेत आला तेव्हा घर म्हात्र्यांचं होतं. धाकटा येईपर्यंत आजोबा पोलीसपाटील झाले होते, आणि त्या आनंदात घराने आडनावच बदलून टाकलं होतं. मी दोन्ही ओळींचे उतारे काढले, हकिकत लिहून खाली मुख्याध्यापकांची सही घेतली, आणि भाऊ पुन्हा भाऊ झाले. दुसऱ्या एका घराण्याचे लोक कुलदैवत शोधत पार रत्नागिरीकडच्या पावसपर्यंत जाऊन आले होते, कारण आडनाव पावसकर. त्यांच्या आजोबांना शाळेत घातलं तेव्हा आडनाव विचारल्यावर बापाने खांदे उडवले, आणि बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून गुरुजींनी पावसकर लिहिलं, असं मला एका जुन्या शिक्षकांनी सांगितलं होतं. ते मी त्या लोकांना सांगितलं नाही. त्यांना पावसचं देऊळ फार आवडलं होतं.

अशा भानगडी निस्तरता निस्तरता रोह्यात माझं नाव झालं. आडनावाचं काही अडलं की भाऊसाहेबांकडे जा, असं लोक म्हणायला लागले, आणि मलाही ते चढलं. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा रिबकाबाई माझ्याकडे आल्या, त्या अशाच.

रिबकाबाई निडीकर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. उंच, सडसडीत, पांढऱ्या सुती साडीतल्या. निम्मं रोहा त्यांच्या हातावर जन्मलेलं, माझी दोन्ही मुलंसुद्धा. लग्न केलेलं नव्हतं. वरसे रस्त्याला दोन खोल्यांचं घर होतं. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. ही मंडळी किती पिढ्यांपासून इथे आहेत ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. मराठीच बोलतात, साडीच नेसतात. पूर्वी गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते. शनिवार त्यांचा पवित्र वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव पाडलं होतं, शनवार तेली. पुढे बहुतेक सगळे इस्राएलला गेले. रोह्यात उरलेल्या दोन-चार घरांतलं एक बाईंचं.

बाई आल्या त्या थेट टेबलापाशी. हातात निळं हवाई पत्र होतं. "भाऊसाहेब, एक आडनाव हाय. त्याचं मूळ काढून द्या," त्या म्हणाल्या.

पत्र नोराचं होतं. नोरा म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी. तिची आई लवकर गेली, बाप नोकरीसाठी इस्राएलला गेला, आणि नोरा आत्याकडे रोह्यात वाढली. आमच्याच शाळेची विद्यार्थिनी, रजिस्टरमधली तिची ओळ मीच लिहिलेली. बी.ए. झाल्यावर ती बापाकडे गेली आणि दोन वर्षांत बाप वारला. आता तिने लिहिलं होतं की बोरिस नावाच्या मुलाशी लग्न करावं असं मनात आहे. तो युक्रेनमधून आईबरोबर इस्राएलला आलेला, वीजमिस्त्रीचं काम करतो. आडनाव ओलिनिक. आणि शेवटी लिहिलं होतं, आत्या, तू हो म्हणालीस तरच.

बाईंची अडचण मला कळली. होकार द्यायचा तर कशाच्या जोरावर? आपल्याकडे मुलाचं आडनाव कळलं की अर्धं काम होतं. गाव कळतं, घराणं कळतं, ओळखीचं कोणीतरी निघतं. ओलिनिकवरून काय कळणार? त्यात बाईंच्या कानावर आलं होतं की तिकडून येणाऱ्या लोकांत सगळेच ज्यू नसतात. नाही म्हणावं तर नोरा हातची जाईल, आणि डोळे मिटून हो म्हणावं तर भावाला वर जाऊन काय तोंड दाखवणार? हे सगळं त्यांनी मला उभ्याउभ्या, इंजेक्शन देताना बोलायच्या त्याच सुरात सांगितलं. पण तेवढ्या वेळात त्यांनी पत्राची घडी चार वेळा उघडली आणि परत घातली. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या.

म्हटलं खरं, पण सुरुवात कुठून करायची? भूगोलाच्या सरांच्या कपाटातला जगाचा नकाशा काढला तर त्यात अजून सोव्हिएत युनियनच होतं, एकसंध, गुलाबी रंगाचं. युक्रेन आता वेगळा देश झालाय, नवीन नकाशा यायचाय, असं सर म्हणाले. वाचनालयात जाऊन आलो. पोस्टमास्तरांना विचारलं, त्यांनी तिकडे पत्र पाठवायला किती तिकिटं लागतील ते सांगितलं.

शेवटी सुटका केली ती पेणने. माझा मेहुणा तिथे एका कारखान्याची जीप चालवायचा. खाडीच्या बाजूला कारखान्याचं काम चाललं होतं आणि यंत्रं बसवायला परदेशी तंत्रज्ञ आले होते. मेहुण्याला विचारलं, त्यांत कोणी युक्रेनचा आहे का? तो म्हणाला, एक आहे, आणि तो रविवारी आपल्याकडेच जेवायला असतो, कारण त्याला तुझ्या बहिणीचे पापड आवडतात.

पुढच्या रविवारी मी पेणला. मेल्निक नावाचा तो गृहस्थ दाराएवढा उंच होता, उन्हाने लालबुंद झालेला. समोर भाजलेल्या पोह्याच्या पापडांची चळत. त्याचं इंग्रजी अगदी माझ्यासारखं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी कागदावर लिहिलेलं आडनाव त्याच्यापुढे केलं. तो हसला, आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांनी जातं फिरवून दाखवलं. मेल्निक म्हणजे दळण दळणारा. त्याच्या पणजोबांची गिरणी होती म्हणे. मग तो उठला, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि तेलाची बरणी घेऊन आला. बहिणीला वाटलं, पापड तळून हवेत. त्याने बरणी माझ्यापुढे ठेवली, त्या कागदावरच्या आडनावावर बोट ठेवलं, आणि हाताने गोल गोल घाणा फिरवला.

ओलिनिक म्हणजे तेल काढणारा.

मला शनवार तेली आठवले. मेल्निक सांगत होता की त्यांच्याकडे प्रत्येक गावात एक तरी तेल गाळणारा असायचा, म्हणून हे आडनाव देशभर आहे, फोनच्या डिरेक्टरीत पानंच्या पानं ओलिनिक. मी विचारलं, धर्म कोणता? त्याने खांदे उडवले. जो तेल काढील तो ओलिनिक. बहुतेक ख्रिस्ती, पण त्याच्या आजोळी घड्याळं दुरुस्त करणारा एक ओलिनिक होता, तो ज्यू होता. म्हणजे बाईंच्या खऱ्या प्रश्नाला त्या आडनावात उत्तर नव्हतंच. मिळालं होतं ते भलतंच, आणि ते बाईंना कसं सांगायचं हा पेच घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो.

पेच का, तर मला एक लाल रेघ माहीत होती. आमच्या संस्थेच्या जुन्या मराठी शाळेची रजिस्टरं माझ्याच कपाटात असायची. दुसरंच काही शोधताना एकदा बाईंची ओळ सापडली होती. रिबका एलोजी, पुढे 'तेली' हा शब्द, त्यावर लाल रेघ, वर 'निडीकर' आणि शेजारी सही. मी सहज विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं होतं. त्यांचा घाणा रोह्याजवळच्या निडी गावात. बापाने शिक्षणासाठी मुलीला रोह्याच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली, रिबका एलोजी तेली. मागून कोणीतरी म्हणालं, शनवार. वर्ग हसला. ही सात वर्षांची पोर, हिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि गुरुजींनी गैरहजर मांडली. घरी आल्यावर बापाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी काळा कोट उसना मागून तो शाळेत आला, मुख्याध्यापकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, आमचं आडनाव निडीकर लिहा. तेलाच्या धंद्याची त्याला लाज नव्हती, असं बाई म्हणाल्या होत्या. पोरीला हसले हे त्याला सहन झालं नाही. त्यानंतर त्या घरात कोणी ते जुनं आडनाव उच्चारलं नाही.

आणि आता मी जाऊन सांगायचं की बाई, तुमच्या नोराला तेच आडनाव परत मिळतंय? पेणहून निघालो तेव्हा मी खरं सांगणार होतो. नागोठण्याला डळमळलो. निडीचा फाटा आला तेव्हा माझं ठरून गेलं होतं.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो आणि सांगितलं की तिकडे ओलीन नावाचं गाव आहे, त्या गावचे ते ओलिनिक. आपल्यासारखंच. धर्माचं मात्र आडनावावरून सांगता येत नाही, दोन्हीकडे आहे. एवढा शेवटचा भाग खरा होता. बाईंचा चेहरा असा काही उजळला की मला खोटं बोलल्याचं जवळजवळ समाधान वाटलं. "गावाचं नाव लावतात म्हंजे मुळं धरून असलेली माणसं," त्या म्हणाल्या. मग मलाच विचारलं, गाव नदीकाठी आहे का? मी म्हटलं, हो, नदीकाठी. बाईंना नदीकाठची गावं आवडायची, त्यात माझं काय जात होतं?

बाईंनी नोराला कळवलं, मुलगा घेऊन ये, बघून मग हो म्हणीन. नोराचं उत्तर आलं की दोघं येतोय. मी मनात म्हटलं, संपलं प्रकरण. आयुष्यभर नोंदी सांभाळलेला माणूस मी, आणि एवढंही सुचलं नाही की ज्याचं आडनाव आहे तो स्वतः येतोय.

ते आले त्या दिवशी दुपारी बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माहिती मी काढलेली, तेव्हा मान माझा. बोरिस दारात वाकून आत आला, न सांगता बूट काढले आणि "आत्या" म्हणाला. नोराने रस्ताभर घोकून घेतलं असणार. चेहरा उन्हाने भाजलेला, हात कामाचे. बाईंनी ते हात निरखून पाहिलेले मी पाहिले. ओट्यावर मलिद्याची तयारी दिसत होती, पोह्यांचा डबा, नारळ, केळी. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा शुभकार्याचा प्रसाद, पोह्यांत साखर-खोबरं घालून केलेला. पण पोहे डब्यातच होते आणि डब्याचं झाकण घट्ट होतं.

चहा झाला. नोरा मधे बसून दोघांचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत होती. तिचं मराठी तसंच रोह्याचं राहिलं होतं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ओलीन गाव नदीच्या कुठल्या काठाला? मी चहाच्या कपात बघायला लागलो.

नोराने विचारलं. बोरिसने भुवया उंचावल्या, मान हलवली, बराच वेळ काहीतरी सांगितलं. नोरा आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाली की असं गाव नाही. आडनाव गावाचं नाहीच. त्याच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता, त्यावरून ते आलं.

बाई माझ्याकडे वळल्या.

"भाऊसाहेब, ओलीन गाव नाय?"

"नाही बाई. मी रचलं."

"वीस वर्षं लोकांना दाखले दिलेत. एकच खोटा दिलात, तो मला?"

मी रागाला तयार होतो, पण त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. त्यांना वाटलं असणार की या माणसाने आपल्याला खरं पेलण्याच्या लायकीचं समजलं नाही. आणि ते बरोबरच होतं. तीस-चाळीस वर्षं लोकांच्या वेणा, मरणं सांभाळलेल्या बाईला मी एका शब्दापासून वाचवायला निघालो होतो. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

बाई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. मग नोराला म्हणाल्या, माझ्या बापाने उसना कोट घालून जे पुसलं ते तू परत घेऊन आलीस. आणि ह्याचं आडनाव तिकडे सगळेच लावतात असं भाऊसाहेब म्हणाले, ते तरी खरं का? हा आपल्यातला, हे कशावरून?

नोराचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, "आत्या, बाबा तिकडे गेले तेव्हा त्यांना पण हेच विचारलेलं. तुम्ही खरे आमच्यातले कशावरून? त्यांनी तुलाच लिवलं होतं ना?"

बाईंनी मान खाली घातली. भावाचं ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. बोरिसला काय चाललंय ते कळत नव्हतं, तो नोराच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, आता बाई उठून आत जातील आणि विषय संपेल. त्या उठल्या, पण आत गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बोरिससमोर बसल्या आणि दवाखान्यात पेशंटला विचारावं तसं एकेक विचारायला लागल्या. तेल कशाचं? सूर्यफुलाचं, तो म्हणाला. घाणा कोण ओढायचं? घोडा. त्याच्या डोळ्यांना झापडं लावायचे? हो, आणि आजी सांगायची की तो घोडा म्हातारपणी मोकळा सोडला तरी मळ्यात गोल गोल फिरायचा. बाईंच्या ओठांचे कोपरे जरा हलले. "आमचा बैल पण," त्या म्हणाल्या.

मग त्या पुढे झुकल्या. "घाणा शनवारी चालायचा का?"

नोराने ते सांगितलं तेव्हा तिचाही आवाज बदलला होता. बोरिस विचारात पडला. त्याने सांगितलं की त्याने घाणा पाहिलेलाच नाही. तो कधीच सरकारजमा झाला, आजोबा शाळेत मास्तर झाले, आणि घरात देवाधर्माचं कोणी काही बोलायचं नाही, त्या दिवसांत ते बरं नसायचं. शनिवारचं त्याला ठाऊक नाही. एवढं बोलून तो थांबला. बाई मागे टेकल्या.

तेवढ्यात तो पुन्हा काहीतरी म्हणाला, हसत, किरकोळ गोष्ट सांगावी तसं. नोराने ऐकलं आणि आत्याचा हात धरला. मग म्हणाली, "आत्या, तो सांगतो, त्याची आजी एक गंमत सांगायची. गावातल्या बायका पणजोबांच्या नावाने कुरकुरायच्या. त्यांना शुक्रवारी दोन दिवसांचं तेल न्यायला लागायचं. ह्याला वाटायचं, पणजोबा आळशी होते."

रिबकाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसतायत की रडतायत ते काही क्षण मला कळेना, आणि मग दोन्ही दिसलं. निडीला त्यांच्या दारातही शुक्रवारी बायकांची रांग लागायची, बाटल्या घेऊन. त्याही कुरकुरायच्या, आणि ह्यांचा बाप हसून दोन दिवसांचं माप घालायचा. हे त्यांनी आम्हाला तुटक तुटक सांगितलं. हजारो कोसांवर दोन माणसांनी एकमेकांना न ओळखता एकाच वारी घाण्याचा बैल आणि घोडा सोडला होता, आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती, बायकांच्या कुरकुरण्यात तेवढी राहिली होती.

बाईंनी डोळे पुसले आणि ओट्याकडे बोट केलं. "नोरा, पोहे काढ गो. भाऊसाहेब, तुम्ही नारळ फोडा. खोटं बोलल्याची शिक्षा."

मी तीन नारळ फोडले आणि एवढं मन लावून फोडले की शेजारीण बघायला आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला बाई माझ्या खोलीत आल्या. सोबत नोरा आणि बोरिस होते, पण त्यांना बाईंनी दाराशीच उभं केलं. मला म्हणाल्या, माझी ओळ दाखवा. ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, लहानपणी टेबल त्यांच्या डोक्याच्या वर होतं. मी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान उघडलं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि मी ते बरोबर जागेवर नेलं.

"लाल हाय ती रेघ?"

"हो."

"खालचं वाचता येतं?"

मी म्हटलं, वाचता येतं बाई, तशीच मारायची रीत आहे. त्यांनी विचारलं, ते आता परत लिहून मिळेल का? मी म्हटलं, नाही, एकदा दुरुस्त झालेलं परत फिरत नाही. पण उतारा देता येईल. उताऱ्यात आम्ही चालू नोंद तेवढीच उतरवतो. त्या दिवशी मी खोडलेला शब्दही उतरवला, पट्टी लावून त्यावर लाल रेघ मारली, वर निडीकर लिहिलं, आणि मुख्याध्यापकांना सगळी हकिकत सांगून सही घेतली. ते नियमात बसतं की नाही हे मी आजपर्यंत तपासलेलं नाही. तो कागद नोरा आपल्या नव्या घरी घेऊन गेली.

पण द्यायच्या आधी बाई म्हणाल्या, मोठ्याने वाचून दाखवा, मला दिसत नाय. मी चष्मा सारखा केला. बोरिस आणि नोरा दारात उभे होते, शाळा रिकामी झाली होती. मी हजेरी घ्यावी तसं, रेघेखालचं वाचलं. "रिबका एलोजी तेली."

सत्तरीच्या रिबकाबाई टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.